बटणावरचा अंगठा

११ फेब्रुवारी १९५१, रविवार

लेटी, लिहायला उशीर झाला, माफ कर. ही वही तू नाताळात दिलीस तेव्हा एक जानेवारीपासून रोज चार ओळी लिहीन असं मी कबूल केलं होतं. एक जानेवारीला तुला खोकला होता. सतराला तू गेलीस. बावीसला तुला पोचवून आलो. त्यानंतरचे दिवस कुठे गेले ते मला सांगता येत नाही. रविवार तेवढा कळतो, कारण त्या दिवशी बस उशिरा येते.

आज बटाटे उकडले. दोघांचे उकडले गेले. उरलेले उद्या खाईन.

छापलेलं वाचण्यात मी कुणाला हार जाणार नाही. नट वाक्य विसरला की ते सांगायला चाळीस वर्षं नाटकांच्या संहितांवर बोट ठेवून बसलोय. पण शाळा दहाव्या वर्षी सुटली, आणि लिहायला बसलो की हात दुसऱ्याच कुणाचा तरी होतो. म्हणून घरातली सगळी पत्रं तूच लिहायचीस. आता तिथेच अडलंय.

आपल्या पोरीला, मॅव्हिसला, मी अजून कळवलेलं नाही. तिला सातवा महिना लागलाय. मागच्या वेळचं पोर पाचव्यात गेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा दिवस राहिले तर हिच्या मनाला धक्का बसता कामा नये. तिकडे तिच्याजवळ नवरा रॉय तेवढा आहे; इथून न्यूझीलंडला जाऊन मी तिला धरू शकत नाही. बाळ एप्रिलच्या शेवटी होईल, तोवर थांबायचं ठरवलंय. बरोबर की चूक ते तू सांगितलं असतंस. गेल्या महिन्यात तिला एवढंच लिहिलं, की आईचं मनगट सुजलंय म्हणून यापुढे काही दिवस मी लिहीन, ती सांगेल ते मी उतरवीन. खोटं लिहितानासुद्धा मी दोनदा शब्दकोश बघितला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

टपालात मॅव्हिसचं पत्र. पाकिटावर नेहमीसारखं तुझं नाव. तुझी पत्रं मी कधी उघडत नसे, म्हणून चहाच्या डब्याला टेकवून ठेवलं आणि कामाला गेलो. संध्याकाळी आलो तर तिथेच होतं. कोट काढला, किटली ठेवली, मग उघडलं.

तिचे पाय संध्याकाळपर्यंत सुजतात, बूट चढत नाहीत. आई, मी पोटात असताना तू काय करायचीस, असं विचारलंय. आणि बाळाच्या टोपीसाठी किती टाके घालू. मी तेव्हा नाटक कंपनीबरोबर लीड्सला होतो. तू काय करायचीस ते मला माहीत नाही. तू कधी सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

कपडेपटातल्या मिसेस टॉलींना विचारलं. त्या एका सैनिकाच्या अंगरख्याला बटणं लावत होत्या. सुजलेल्या पायांवर काय करतात, म्हटलं.

"कुणाचे सुजलेत? तुमचे?"

माझे नाहीत, मुलीचे, ती गरोदर आहे, असं सांगितलं. त्या दोरा दाताने तोडता तोडता थांबल्या. म्हणाल्या, "अहो एनॉक, मग बायकोला विचारा ना. तिने काय पोर बाजारातून आणलं होतं?" मी म्हटलं, ती विसरली. त्या हसल्या. असलं काही बायका विसरत नाहीत, म्हणाल्या, बायका फक्त नवऱ्याला सांगायचं बंद करतात. मग त्यांनी उपाय सांगितला. कोमट पाणी, त्यात व्हिनेगर, त्यात पाय, आणि नंतर पाय उशीवर.

टोपीचे टाके लोकरीच्या दुकानातल्या बाईला विचारले. तिने कागदावर लिहून दिले.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

उत्तर टाकलं. आई म्हणते कोमट पाण्यात व्हिनेगर घाल. तुला घरात व्हिनेगरचा वाससुद्धा खपत नसे हे माहीत आहे, लेटी. माशावर मी दोन थेंब घेतले तर खिडकी उघडायचीस. पण मिसेस टॉलींना चार मुलं आहेत, त्यांना कळत असेल. शेवटी लिहिलं, आईचे आशीर्वाद. हे लिहिताना काही वाटलं नाही. तिकीट लावलं, पेटीत टाकलं. घरी येऊन मोजे धुतले.

१९ फेब्रुवारी, सोमवार

तालमींना सुरुवात झाली. अजून चर्चच्या हॉलमध्ये आहोत, टेकडीवरचा टीव्हीचा स्टुडिओ शेवटच्या दोन दिवसांपुरताच मिळतो. जमिनीवर चिकटपट्ट्या मारल्यात, ही भिंत, हे दार, हा जिना. कुणाचा पाय पट्टीवर पडला की मिस पार्जिटर म्हणते, "भिंतीतून आलात, परत जा." ती स्टुडिओतली व्यवस्था बघते. सव्वीस वर्षांची आहे आणि सगळ्यांना तिचा धाक आहे. दिग्दर्शक मिस्टर लेथब्रिजनासुद्धा.

नाटक एका विधवेचं आहे. तिचं लोकरीचं दुकान आहे, आणि धाकट्या मुलीचं लग्न होऊन ती दूर जायची आहे. विधवेचं काम मिस ऑगस्टा हॅलिवेल करतात. त्यांना मी एकवीस वर्षं वाक्यं देतोय, चार थिएटरांत आणि आता इथे.

इथलं काम तुला मी नीट समजावून सांगितलंच नाही कधी. तू म्हणायचीस, तिथेही तू कुजबुजतोसच ना? कुजबुजतो. पण इथे कुजबुज केली तर ती माइकमधून देशभर जाईल. म्हणून माझ्या हातात तारेला लावलेलं एक बटण असतं. दाबलं की घराघरांतला आवाज बंद. तेवढ्यात मी वाक्य द्यायचं आणि अंगठा उचलायचा. एका सेकंदाचं काम. लोकांना वाटतं आपला टीव्ही बिघडला, ते त्याच्या डोक्यावर चापट मारतात आणि तोवर आवाज परत येतो. दाबणं कुणालाही जमेल. नट थांबला तर तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखायला मात्र आयुष्य घालवावं लागतं.

रविवारी एकदा करायचं आणि गुरुवारी तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा करायचं. काही साठवून ठेवलेलं नसतं. रविवारी झालं ते झालं.

२५ फेब्रुवारी, रविवार

कोळसा आला. बाकी काही नाही.

२ मार्च, शुक्रवार

पोट बिघडलंय. दर नाटकाआधी बिघडतं, तू पाण्यात सोडा घालून द्यायचीस. सोडा कुठे आहे ते सापडलं नाही. तीन कपाटं उघडली. तिसऱ्यात तुझे बूट होते, मग बंद केलं.

स्टुडिओत कुणाला काही सांगितलेलं नाही. बावीस जानेवारीची रजा मी दात काढायचा म्हणून घेतली होती. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. मिस्टर लेथब्रिज तरुण माणसं आणताहेत. म्हाताऱ्याचं घरी असं झालंय म्हटलं की पुढच्या नाटकाला बोलावणार नाहीत, आणि मग मी दिवसभर कुठे बसू? शिवाय इथे एकाला सांगितलं की चौघांना कळणार, आणि चौघांना कळलेलं मॅव्हिसला तेवढं कळू नये याला काय अर्थ आहे? म्हणून कुणालाच नाही.

मिसेस टॉली रोज विचारतात, पाय कसे आहेत. त्यांच्यासाठीही काहीतरी सांगावं लागतं. उतरलेत म्हटलं.

५ मार्च, सोमवार

काल साडेआठला नाटक सुरू झालं. पहिला अंक ठीक गेला. दिव्यांचा उकाडा इतका, की पत्र्याच्या खिडकीमागचं कागदी झाड वाकलं.

दुसऱ्या अंकात मिस हॅलिवेल टेबलाशी बसल्या. समोर मुलीचं काम करणारी पोरगी दोन्ही हात पुढे धरून बसली, हातांवर लोकरीची लड. मिस हॅलिवेल लोकर गुंडाळत होत्या आणि बोलत होत्या. मी कॅमेऱ्याच्या बाजूला, बोट ओळीवर, अंगठा बटणावर. त्या "निळी चादर" म्हणाल्या आणि थांबल्या. तालमीत त्या तिथे कधीच थांबल्या नव्हत्या. मी तीन मोजले. दाबलं. वाक्य दिलं, "वरच्या कप्प्यात आहे, पाहुणे आले तर तीच घाल." त्यांनी ते घेतलं आणि पुढे गेल्या.

मग मी ऐकत राहिलो. एवढंच सांगता येईल. चादरी झाल्या, मग उशांचे अभ्रे, मग दूधवाला दार किती वेळा वाजवतो, मग शेजारणीचा कुत्रा. त्या प्रसंगात काही घडत नाही, दोघी नुसत्या बोलतात. बऱ्याच दिवसांत मी असलं बोलणं ऐकलं नव्हतं. बोट ओळींवरून सरकत होतं, ते कुठेही चुकलं नाही. अंगठ्याचं मला काही कळलं नाही. मिस पार्जिटर तारांवरून उड्या टाकत आली आणि तिने माझा अंगठा सोलून काढावा तसा बटणावरून उचलला.

एक मिनिट चाळीस सेकंद. वरच्या काचेच्या खोलीतल्यांनी घड्याळ लावून सांगितलं. तेवढा वेळ देशभरातल्या घरांत दोन बायका तोंडं हलवत लोकर गुंडाळत होत्या.

शेवटी निवेदिकेने तांत्रिक बिघाडाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तो बिघाड म्हणजे मी. बसमध्ये एक माणूस दुसऱ्याला सांगत होता, की त्याने टीव्हीला इतक्या चापट्या मारल्या की वरची फुलदाणी पडली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

थंडीने अंगठा आखडला असणार. तिथे थंडी नव्हती, पण जाता येता होती.

६ मार्च, मंगळवार

मिस्टर लेथब्रिजनी बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर उभं राहायला सोपं गेलं असतं. म्हणाले, गुरुवारी बटण मिस पार्जिटर धरेल, तुम्ही विश्रांती घ्या. मिस हॅलिवेल तिथेच होत्या, टोपी घालून, निघायच्या बेतात. त्या बसल्या.

"एनॉक बिसेल नसतील तर मीही नाही, रुपर्ट."

"ऑगस्टा, त्यांचा अंगठा झोपला होता."

"माझी जीभ झोपते तेव्हा हेच जागे असतात. एकवीस वर्षं. तू शाळेत होतास."

मिस्टर लेथब्रिजनी पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाले, ठीक आहे, पण मिस पार्जिटर तुमच्या शेजारी उभी राहील. मी आभार मानले.

बाहेर जिन्यावर मिस हॅलिवेल म्हणाल्या, "मी विसरले नव्हते. लोकरीला गाठ बसली होती, ती सोडवत होते." गाठ मला दिसली नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, हाताकडे नाही. असली चूक मी या कामाच्या पहिल्या वर्षीसुद्धा केली नसती. त्यांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना. ठीक आहे म्हटलं, लेटीने तुमची आठवण काढलीय. त्या हातमोजे घालून खाली गेल्या.

७ मार्च, बुधवार

मॅव्हिसचं पत्र. या वेळी पाकिटावर माझं नाव आहे. अशा अवस्थेत बायका विसराळू होतात, असं म्हणतात. आतही ती तुझ्याबद्दल विचारायची विसरलीय, मनगटाचंसुद्धा. टोपी झाली म्हणते. व्हिनेगरबद्दल काही नाही.

सगळे प्रश्न मलाच. बाबा, तुम्ही जेवता का. स्वयंपाक कोण करतं. घरात शेकोटी पेटवता का, की कोट घालून बसता. रात्री झोप लागते का. मग लिहिलंय, डॉक्टर म्हणतात सगळं उत्तम आहे, मी चांगली दणकट आहे, रॉय दिवसभर घरीच असतो, तुम्ही मला काहीही सांगितलंत तरी मी ऐकून घेईन. इथल्या टंचाईबद्दल तिकडच्या वर्तमानपत्रांत काहीतरी भडक आलं असणार. तिला लिहायला हवं, की मटण कमी मिळतं पण चाललंय आमचं.

पत्र चहाच्या डब्याला टेकवून ठेवलं. मग आठवलं की माझंच आहे, आणि कोटाच्या खिशात घातलं.

९ मार्च, शुक्रवार

काल गुरुवारचा प्रयोग झाला.

मिस पार्जिटर माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. दुसरा अंक आला, टेबल, लोकर, दोघी. या वेळी गाठबीठ काही नव्हती, लोकर सरळ येत होती, मी हातांकडेच बघत होतो. त्या "निळी चादर" म्हणाल्या आणि थांबल्या.

त्याच जागी. मला वाटलं, रविवारचा थांबा त्यांना आवडला असेल म्हणून पुन्हा घेताहेत. नट असं करतात. लोकर गुंडाळली जातच होती. मिस पार्जिटरने माझी बाही धरली, दाबू नका म्हणून. मग मी वर बघितलं. त्या पोरीकडेच बघत होत्या, हसतही होत्या, पण बघणं रिकामं होतं. मी दाबलं, वाक्य दिलं, अंगठा उचलला. "वरच्या कप्प्यात आहे," त्या म्हणाल्या, आणि अभ्र्यांकडे वळल्या. मिस पार्जिटरने बाही सोडली.

प्रयोग संपल्यावर मिस हॅलिवेलनी खोलीत बोलावलं. तोंडाला क्रीम फासून बसल्या होत्या. म्हणाल्या, आज खरंच गेलं होतं, सगळं पांढरं झालं होतं, रविवारपासून त्या जागेची धास्ती बसली होती. मी दिलगीर आहे म्हटलं, धास्ती माझ्यामुळेच बसली. त्या म्हणाल्या, जाऊ द्या, लेटीला सांगा तिच्या नवऱ्याने आज म्हातारीची अब्रू राखली.

मी बरं म्हणणार होतो. तोंडही उघडलं होतं. त्यातून आलं ते असं, "ती सतरा जानेवारीला गेली."

त्यांनी फडक्याने एक गाल पुसला, मग दुसरा. आरशातूनच माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, कोणाकोणाला माहीत आहे? मी म्हटलं, पाद्री, डॉक्टर आणि आता तुम्ही. मुलीला? मी पायांचं, व्हिनेगरचं, एप्रिलचं सगळं सांगितलं. खिशातलं पत्रही दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. पाकीटही उलटून बघितलं.

"एनॉक, मी तिथे थांबले होते तेव्हा मला माहीत होतं की वाक्य तुमच्याकडे आहे. फक्त ते येत नव्हतं. ती दोन सेकंदं कशी असतात ते मला विचारा."

मी म्हटलं, पण मॅव्हिसला काही माहीत नाही, तीच तर भीती आहे.

"पत्र घरी जाऊन पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या, "आणि बोट ठेवून वाचा. नेहमी वाचता तसं."

त्यांनी मला चहा दिला. चांगला गोड होता, त्यांच्या वाटणीची रेशनची साखर त्यात घातली असणार. मी तो उभ्यानेच प्यालो.

१० मार्च, शनिवार

पत्र बोट ठेवून वाचलं. एकदा सकाळी, एकदा जेवणानंतर. सगळे शब्द तेच आहेत. 'आई' हा शब्द कुठेच नाही. असं तिचं एकही पत्र नाही, मी ड्रॉवरमधली सगळी काढून बघितली.

तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. चौथं टाकलं. पेटीत पडल्याचा आवाज आला, तरी थोडा वेळ तिथेच उभा होतो. काय लिहिलं ते विसरू नये म्हणून इथे उतरवून ठेवतोय.

प्रिय मॅव्हिस,

तुझी आई सतरा जानेवारीला सकाळी वारली. छाती भरली होती. पाच दिवस अंथरुणात होती. त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले, पण थोडा झाला. मी जवळ होतो. ती तुझं नाव घेऊन गेली असं मी लिहिणार होतो, पण ते खरं नाही. खिडकी लाव म्हणाली, मी लावली, परत आलो तोवर गेली होती.

तिच्या मनगटाला काही झालं नव्हतं. व्हिनेगर मिसेस टॉलींचं. टोपीचे टाके दुकानातल्या बाईचे, चुकले असतील तर उसव. आशीर्वाद मी लिहिले, पण ते तिने दिलेच असते, म्हणून तेवढे खोडू नकोस.

तुला सांगितलं नाही ते बाळासाठी. दुसरंही कारण आहे, ते मला लिहिता येत नाही. तुला आधीच कळलं असेल तर इतके दिवस तुला एकटीला थांबवून ठेवलं, त्याची माफी मागतो.

मी जेवतो. शेकोटी संध्याकाळी पेटवतो. कामावरून काढलेलं नाही.

तिने बाळासाठी पांढरा स्वेटर विणायला घेतला होता. एक बाही राहिलीय, सुया तशाच आहेत. मिसेस टॉली पुरा करून देतील, पण त्यांना दुसरी बाही तिच्यासारखी जमेल असं वाटत नाही. तसाच पाठवू, की पुरा करून घेऊ? ते तू सांगितल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही. रागावून लिहिलंस तरी चालेल. रॉयने तुझ्या वतीने लिहिलं तरी चालेल, फक्त तू आणि बाळ बरी आहात एवढं त्यात असू दे. पत्राला दहा दिवस लागतात, म्हणून जमलं तर तार कर. दोन शब्द पुरतील. पण लवकर कळव.